वाचलेला वेदान्त व आचरलेला वेदान्त

बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाई हें मराठी तत्त्वचिंतनाचें जुनें पीठ होय. मुकुंदराजांनीं शके 1110 मध्यें 'विवेकसिंधु' रचिला असें परंपरा मानते, व त्यांची समाधि याच गांवाजवळ दाखवितात. पुढें दासोपंतांनीं (1551–1615) येथेंच गीतेवर 'गीतार्णव' हा प्रचंड ग्रंथ लिहिला. तेवढ्यानेंही मन भरेना म्हणून कीं काय, पंचीकरणाचा विषय त्यांनीं सुमारें 40 फूट लांबीच्या पासोडीवर मांडिला. ज्या गांवीं ब्रह्मविद्येला कागद अपुरा पडला, त्या गांवीं ती माणसाच्या वागणुकींत कितपत उतरली, असा प्रश्न मनांत येणें साहजिक आहे.

हा प्रश्न आम्हांस परका नाहीं. गेलीं तीस वर्षें आम्ही महाविद्यालयांत तत्त्वज्ञान शिकवीत आलों. शंकराचार्यांचा मायावाद व कांटचें नीतिशास्त्र आम्हीं शेंकडों विद्यार्थ्यांच्या वह्यांत उतरवून दिलें. पण त्यापायीं आमची एका रात्रीचीही झोंप मोडली नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

याच अंबाजोगाईस, निजामी अमदानींत तिचें नांव मोमिनाबाद असतां, 1935 च्या सुमारास एक संन्यासी शिक्षक आले. पूर्वाश्रमीं ते व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म 1903 सालचा. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंत अध्यापन करीत असतां त्यांनीं संन्यास घेतला, स्वामी रामतीर्थांची परंपरा स्वीकारली, व ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. रामतीर्थही मूळचे लाहोरचे गणिताचे प्राध्यापक. वेदान्त पटला तेव्हां त्यांनीं ती जागा सोडली होती.

संन्याशाला राजकारणापासून दूर राहण्यास शास्त्राचा आधार सहज सांपडतो. जग मिथ्या, तर निजामाचें राज्यही मिथ्या. मग त्याची चिंता कशाला? संस्थानांत त्या वेळीं जाहीर सभेलाही सरकारी परवानगी लागे. तरी बहुतेक सुशिक्षितांनीं आपल्यापुरती शांति संभाळली होती. स्वामीजींनीं मात्र 1938 सालीं शाळा सोडली. स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वींच तिच्यावर बंदी आली. त्यांनीं सत्याग्रह केला व ते तुरुंगांत गेले. 1947 सालीं त्यांस पुन्हां अटक झाली. सर्वांभूतीं एकच आत्मा आहे, हें वाक्य आमच्या वर्गांत परीक्षेचा प्रश्न होतें. त्यांच्या हातीं तें शेजाऱ्याच्या गुलामगिरीचा जाब विचारणारें झालें, असें आम्हांस वाटतें.

तर मग वाचन व्यर्थ, मनाचा ठाम निश्चय तेवढा खरा, असें म्हणावें काय? तसें म्हणवत नाहीं. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचा वकील. म्हणजे अंबाजोगाईचा शेजारीच. त्याच्या निष्ठेच्या तीव्रतेविषयीं कोणासही शंका नव्हती. परंतु तिची किंमत रयतेनें मोजली. दुसरी बाजूही लपवूं नये. सप्टेंबर 1948 मध्यें संस्थान शरण आल्यानंतर मराठवाड्यांत निरपराध मुसलमानांवर अत्याचार झाले, व पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें ते नोंदले. तेथेंही कित्येकांचा निश्चय पक्काच होता. निश्चय हा केवळ पक्का असल्यानें पवित्र होत नाहीं.

वाचनाचा उपयोग येथेंच आहे. आपल्या श्रद्धेला उलट प्रश्न विचारण्याची संवय ग्रंथ लावतात. परंतु उत्तर मिळाल्यावर त्याची किंमत स्वतःच्या पदरची द्यावी लागते, ती ग्रंथ देत नाहींत. पहिली गोष्ट राहिली तर श्रद्धेचा दुराग्रह होतो. दुसरी राहिली तर विद्वत्तेचा संसार सुखानें चालतो. आमचा आजवर तसाच चालला.

आज अंबाजोगाईचें वैद्यकीय महाविद्यालय व नांदेडचें विद्यापीठ स्वामीजींच्या नांवानें ओळखलें जातें. नांव वाचणें सोपें आहे. येत्या जूनमध्यें कांटचा पाठ पुन्हां सुरू होईल. तेव्हां वही उघडण्यापूर्वीं विद्यार्थ्यांस एक प्रश्न विचारावा असें आम्हीं ठरविलें आहे : हें खरें ठरलें, तर तुम्ही काय सोडाल? प्रथम उत्तर आम्हांसच द्यावें लागेल, हें जाणूनच तो विचारणार आहों.