शेवट गोड आहे ना?

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात कादंबरी न्यायला येणाऱ्या बायका लेखकाचे नाव आधी विचारीत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न असतो, "शेवट गोड आहे ना?" या प्रश्नाला हसणारी शहाणी माणसे पुष्कळ आहेत. गोड शेवटाची आवड म्हणजे कच्ची रुची, असे ती म्हणतात. मला मात्र हा प्रश्न फार रास्त वाटतो. दिवसभर घरादाराची उस्तवार करून रात्री नऊनंतर जी बाई पुस्तक उघडते, तिला ज्या पोरीबरोबर आपण तीनशे पाने चालणार तिचे पुढे काय होणार, हे आधी कळावेसे वाटले तर तिचे काय चुकले?

मी काही समीक्षक नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. चार कादंबऱ्या नावावर आहेत, एवढेच. परंतु यंदाच्या उन्हाळ्याच्या सुटीत दोन जुन्या कादंबऱ्या पुन्हा वाचल्या, दोन जुने चित्रपट पुन्हा पाहिले, आणि या खेपेला त्या वाचनालयातल्या बायकांचाच प्रश्न घेऊन बसलो. चारही कथा संसारात अडकलेल्या बाईच्या. शेवट चार तऱ्हांचे. ते एकापुढे एक ठेवले तेव्हा असे दिसू लागले की, शेवट लेखक लिहितो ही आपली समजूत अर्धीच खरी आहे. नायिकेला बाहेर काढायचे तर दार लागते. आणि ते दार बांधण्याचे काम लेखकाच्या हातात नसते. त्या काळी जे उघडे असेल त्यातूनच त्याला तिला न्यावे लागते.

पहिली कादंबरी बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन'. साल १८५७. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव आपण शाळेत पाठ करतो आणि पुस्तक मात्र उघडीत नाही. खरे सांगायचे तर आज ते वाचताना दम लागतो. त्यातली माणसे बोलत नाहीत, प्रवचने देतात. पण यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि गावोगावच्या विधवांच्या हकिकती ऐकू लागते, तिथे पुस्तक खाली ठेववत नाही. पुढे प्रवासातच नवरा जातो आणि दुसऱ्यांच्या हकिकती ऐकणारी ही बाई स्वतःच हकिकत होते. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते.

आता साल पाहा. विधवाविवाहाचा कायदा झाला १८५६ साली. म्हणजे कादंबरी निघाली तेव्हा सरकारी दार उघडून वर्ष झाले होते. तरी यमुनेला धर्म बदलावा लागला. बाबा पदमनजी स्वतः १८५४ साली ख्रिस्ती झालेले, तेव्हा आपण ज्या वाटेने गेलो तीच वाट त्यांनी नायिकेला दाखवावी हे साहजिकच. पण केवळ तेवढेच नव्हे. कायद्याने परवानगी दिली म्हणून मुलीला पुन्हा बोहल्यावर चढवील असे घर त्या वेळी शोधून सापडायला कठीण होते. दार होते, पण त्यापुढे सारी भाऊबंदकी आडवी पडलेली.

दुसरी कादंबरी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' योगायोग असा की हिच्याही नायिकेचे नाव यमुना, घरातली यमू. १८९० साली हरिभाऊंनी 'करमणूक' सुरू केले, त्यातून ती क्रमशः आली आणि १८९३ साली पुस्तक झाले. मराठीत यापेक्षा चांगल्या बांधणीच्या कादंबऱ्या पुढे झाल्या असतील, पण यमूसारखा आवाज नाही. ती तक्रार करीत नाही, सांगत जाते; आणि तिचे ते साधे सांगणेच अंगावर येते. मुंबईतला तिचा चार दिवसांचा संसार वाचताना आपल्याला सुख होते आणि त्याच वेळी पाने किती उरली आहेत याची भीती वाटू लागते. रघुनाथराव जातात. यमूचे जबरदस्तीने केशवपन होते. आणि ती मरते.

हरिभाऊंना दुसरा शेवट ठाऊक नव्हता असे नव्हे. पुस्तक निघाले त्याच १८९३ साली, त्याच पुण्यात, धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले. 'करमणूक' सुरू झाले त्याच १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी सभा भरवून विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे ठरविले. (सुधारणेच्या इतिहासात न्यायमूर्ती आणि प्रोफेसर मंडळींची नावे मोठ्या अक्षरांत येतात, या कारागिरांचा उल्लेख कुठेतरी ओझरता. ज्याच्या हातात वस्तरा त्याने तो खाली ठेवणे ही माझ्या मते शंभर व्याख्यानांहून मोठी गोष्ट होती.) तेव्हा यमूला वाचविणे हरिभाऊंना अशक्य नव्हते. त्यांनी वाचविले नाही, आणि मला वाटते, बरोबर केले. यमूचे लग्न लावून दिले असते तर वाचक सुपारी कातरीत म्हणाला असता, चला, झाले एकदाचे! कडू शेवट करून हरिभाऊंनी वाचकाची झोप घालविली.

मध्ये एका नाटकाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. देवलांचे 'संगीत शारदा', १८९९. पंचाहत्तरीचा भुजंगनाथ आणि कोवळी शारदा. हे लग्न मोडते कशाने? वराच्या वयाने नव्हे, मुलीच्या रडण्याने तर नव्हेच. दोघे सगोत्र निघतात म्हणून मोडते! देवल मोठे धूर्त. धर्माच्या नावाने जिला विकले तिला त्यांनी धर्माच्याच एका खिडकीतून बाहेर काढले, आणि नंतर कोदंडाशी तिचे लग्नही लावून दिले. गंमत अशी की १९४६ साली कायद्याने सगोत्र विवाहाची आडकाठी काढून टाकली. सुधारणाच ती, पण देवलांना हे नाटक त्यानंतर लिहायचे असते तर ही खिडकी बंद झालेली आढळली असती.

जरठ-बाला विवाहाचा हाच विषय अडतीस वर्षांनी पडद्यावर आला. चित्रपट आणि कादंबरी यांची सोयरीक मराठीत तोवर जुनी झाली होती. बाबूराव पेंटरांनी १९२३ साली मूकपटात 'सिंहगड' आणला तो हरिभाऊंच्या 'गड आला पण सिंह गेला'वरून. १९२५ चा त्यांचा 'सावकारी पाश' मात्र दुसऱ्या आपट्यांच्या कथेवरचा. एक हरि नारायण, दुसरे नारायण हरि; नावे ऐकून बापलेक वाटावेत, पण तसे काही नाते नाही. नारायण हरि आपटे सातारकडच्या कोरेगावचे. त्यांच्या 'भाग्यश्री'वरून प्रभातने १९३४ साली 'अमृतमंथन' काढला आणि 'न पटणारी गोष्ट'वरून १९३७ साली 'कुंकू'.

'कुंकू' मी पूर्वी पाहिला होता. यंदा कान देऊन पाहिला. व्ही. शांतारामांनी त्यात पार्श्वसंगीत ठेवलेलेच नाही. आजकाल नायिकेच्या डोळ्यांत पाणी यायच्या आधी दहा व्हायोलिने रडू लागतात, म्हणून ही शांतता फारच जाणवते. घरातले घड्याळ ऐकू येते. भांडे पडते ते ऐकू येते. मामाने फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा त्या घरात वावरते आणि त्या लहानसहान आवाजांतून आपल्याला त्या घराचा कोंडमारा कळत जातो. शांता आपट्यांची नीरा रडत नाही. ती भांडते. या माणसाला नवरा म्हणून जवळ येऊ देणार नाही, हे ती उभ्या घराला ऐकविते, आणि अंगचटीला येऊ पाहणाऱ्या सावत्र मुलाला छडीने झोडपते. दोन यमुनांनंतर ही नीरा पाहिली की माणूस खुर्चीत सरळ होऊन बसतो. (शांताबाईंनी पुढे १९३९ साली कराराच्या भांडणात खुद्द प्रभातच्याच फाटकावर उपोषण केले. नीरेचे पाणी नुसते पडद्यापुरते नव्हते.)

केशवराव दात्यांचे काकासाहेब तर अपूर्वच. भुजंगनाथ हास्यास्पद आहे. काकासाहेब तसे नाहीत. सुशिक्षित, सुधारक विचारांचे वकील. विधवा मुलगी समाजकार्य करते याचा त्यांना अभिमान आहे. ती भूमिका शकुंतला परांजप्यांनी केली, ज्यांनी पुढे संततिनियमनाच्या प्रचारात आयुष्य वेचले. अशा घरात हा अन्याय घडतो, आणि म्हणून तो भुजंगनाथाच्या अन्यायाहून अधिक झोंबतो. शेवटी काकासाहेबांना उमगते. ते पत्र लिहून ठेवतात, नीरेने योग्य वर पाहून लग्न करावे असे सांगतात आणि जीव देतात.

हा शेवट मला कित्येक वर्षे खटकत असे. भांडली नीरा, आणि मोठेपणा म्हाताऱ्याला! तिच्या सगळ्या लढ्याचे फळ तिला त्याच्या हातून मिळावे, हे काही बरे नव्हे. आजही कलेच्या दृष्टीने तो शेवट मला पटत नाहीच. परंतु यंदा सालांकडे पाहता पाहता त्याचा दुसरा अर्थ लागला. १९३७ साली मुंबई इलाख्यातल्या हिंदू बायकोला घटस्फोटाचा कायदाच नव्हता. तो आला १९४७ साली, आणि साऱ्या देशाला लागू झाला १९५५ साली. शारदा कायदा १९२९ चा, पण त्याने मुलीची चौदा वर्षे पुरी झालेली पाहिली; नवऱ्याच्या वयाला वरची मर्यादा त्याने घातली नाही. म्हणजे नीरेने छपरावर उभे राहून 'हा माझा नवरा नव्हे' असे ओरडले असते तरी कायद्याच्या लेखी ती जन्माची काकासाहेबांची बायको. बायकोला बाहेर पडायला दार नव्हते. विधवेला मात्र होते, आणि तेही १८५६ पासून! काकासाहेब वकील आहेत. नीरेला सोडविण्याचा एकच कायदेशीर मार्ग आहे, तिला विधवा करणे, हे त्यांच्याएवढे कोणाला ठाऊक असणार?

आणखी एक धागा. त्याच १९३७ साली विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलाच्या बरोबरीने हिस्सा देणारा कायदा आला. तिच्या हयातीपुरता का होईना. म्हणजे ज्याला तिने छडीने झोडपले त्याच्या शेजारी बसून नीरा वाटणी मागू शकली असती. फक्त काकासाहेबांचा सल्ला ऐकायचा नाही, कारण १८५६ च्याच कायद्यात लिहिले होते की, पुनर्विवाह केला तर पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा विधवेचा हक्क संपतो. एका हाताने दार उघडायचे आणि दुसऱ्या हाताने बाहेर पडणारीचे गाठोडे काढून घ्यायचे.

'कुंकू'च्या तीनच वर्षे आधी विभावरी शिरूरकरांची 'हिंदोळ्यावर' आली होती. तिच्यातल्या अचलेला नवऱ्याने टाकले आहे, सुटका नाही, आणि ती विवाहावाचूनच दुसऱ्या पुरुषाबरोबर राहते. दार नाही तर भिंतच पाडते म्हणाना! कादंबरीवर गदारोळ झाला, या टोपणनावामागची बाई कोण याचा शोध चालला. तिच्यावर त्या काळी चित्रपट निघणे शक्य नव्हते. कादंबरी एकटीने, दार लावून वाचता येते. चित्रपटाला सासूसासरे शेजारी असतात. त्यामुळे पडद्यावरचा शेवट कादंबरीच्या चार पावले मागेच राहतो. हा काही चित्रपटवाल्यांचा भित्रेपणा नव्हे, त्यांच्या धंद्याची ती रीत आहे.

आता चौथा शेवट. शांता निसळांच्या 'बेघर' या कादंबरीवरून जब्बार पटेलांनी १९८२ साली 'उंबरठा' काढला. पटकथा विजय तेंडुलकरांची. कादंबरीचे नाव बाईला काय उरले नाही ते सांगते, चित्रपटाचे नाव तिने काय ओलांडले ते सांगते. मला चित्रपटाचे अधिक आवडते. सुलभा महाजन सुखवस्तू घरची. नवरा, नेमका, पुन्हा वकीलच. एक मुलगी आहे. ती घर सोडून दूरच्या महिलाश्रमाची अधीक्षक होते, तिथल्या कारभाऱ्यांशी भांडते, राजीनामा देऊन परत येते. तेव्हा नवरा शांतपणे सांगतो की मधल्या काळात दुसरी बाई आयुष्यात आली आहे. स्मिता पाटील त्या प्रसंगी जवळजवळ काहीच करीत नाहीत, आणि त्यांचा तो चेहरा मला आठ दिवस पुरला. मग ती निघते. आगगाडीच्या डब्यात बसलेली दिसते, आणि चित्रपट संपतो.

सुलभेला घटस्फोटाचे दार होते. १९७६ पासून तर उभयतांच्या संमतीनेही तो घेता येत होता. तिच्या सुटकेसाठी कोणाला मरावे लागले नाही. म्हणून चित्रपटही दारापाशी थांबत नाही, तिला गाडीत बसवून देतो. ती कुठल्या स्टेशनवर उतरते, हे मात्र दाखवीत नाही.

आमच्या शाळेतल्या एका बाईंना मी हा शेवट मोठ्या उत्साहाने सांगितला. त्या वह्या तपासत होत्या. लाल पेन्सिल न थांबवता त्यांनी विचारले, "सर, नोकरी तर सोडली होती ना तिने? मग तिकीट कशाचे काढले?"

मी म्हणालो, "आधीचा पगार शिल्लक असेल."

"असेल," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या नीरेला तरी मिळकतीत हिस्सा होता." आणि त्यांनी पुढची वही ओढली.