पाच भावांचा करार

जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात अठराव्या शतकात तटाला लागून एक अरुंद, वाकडी गल्ली होती. तिचे नाव युडेनगासे, म्हणजे ज्यूंची गल्ली. शहरातील साऱ्या ज्यू कुटुंबांनी तेथेच राहावे असा दंडक होता. रात्री, रविवारी आणि ख्रिस्ती सणांच्या दिवशी गल्लीचे दरवाजे बंद होत. गल्लीबाहेर जमीनजुमला घेण्याची मुभा नव्हती. वर्षाकाठी किती विवाह व्हावेत, यालाही मर्यादा घातलेली होती. अशा या कोंडलेल्या वस्तीत १७४४ साली मायर आम्शेल रॉथशिल्ड याचा जन्म झाला. त्याच्या पाच मुलांनी पुढे फ्रँकफुर्ट, लंडन, पॅरिस, व्हिएन्ना आणि नेपल्स या पाच शहरांत पेढ्या थाटल्या आणि एकोणिसाव्या शतकात युरोपातील राजेरजवाडे त्यांच्या दारी कर्जासाठी येऊ लागले.

ही कथा पुष्कळांना ऐकून ठाऊक असते. ती बहुधा अद्‌भुत रंगात सांगितली जाते. वॉटर्लूच्या लढाईची वार्ता सर्वांआधी मिळवून लंडनच्या रॉथशिल्डने एका दिवसात अपार धन केले, ही आख्यायिका तर फार पसरली. तिचा उगम १८४६ च्या सुमारास निघालेल्या एका द्वेषमूलक पत्रकात आहे, आणि पुढे ज्यूंच्या शत्रूंनी तिचा मनसोक्त उपयोग केला. वस्तुस्थिती निराळी आहे. युद्ध दीर्घकाळ चालेल या हिशेबाने त्या घराण्याने सोने जमविले होते, आणि ते अकस्मात संपल्याने त्याची पंचाईतच झाली. रॉथशिल्डांच्या उत्कर्षाचे रहस्य एखाद्या दिवसाच्या चमत्कारात शोधण्यापेक्षा त्यांच्या कागदपत्रांत, विशेषतः भागीदारीच्या करारांत शोधावे, हे बरे.

मायर आम्शेलने आरंभी जुनी नाणी विकण्याचा व्यवसाय केला. हेसे-कासेलचा राजपुत्र विल्हेल्म याला नाण्यांचा नाद होता. त्याच्याशी असलेल्या व्यवहारातून १७६९ साली मायरला राजदरबाराचा अडत्या हा किताब मिळाला. पुढच्याच वर्षी गूटले श्नापर हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्यांची दहा अपत्ये जगली. पाच मुलगे, पाच मुली. मुलगे हाताशी आले तसतसे त्याने त्यांना पेढीत घेतले. तिसरा मुलगा नाथान हा शतकाच्या अखेरीस इंग्लंडला गेला. मँचेस्टरला त्याने कापडाचा व्यापार केला आणि मग लंडनला सावकारी मांडली.

२७ सप्टेंबर १८१० रोजी मायरने पहिला महत्त्वाचा करार लिहिला. पेढीचे नाव ‘मायर आम्शेल रॉथशिल्ड आणि पुत्र’ असे ठरले. नफ्याचे पन्नास भाग कल्पिले. त्यांतील चोवीस पित्याचे, थोरल्या आम्शेलचे बारा, दुसऱ्या सालोमनचे बारा, आणि कार्ल व जेम्स या लहानग्यांचा प्रत्येकी एक. नाथानचे नाव करारात नव्हते, कारण तो शत्रुराष्ट्रात राहत होता आणि फ्रँकफुर्टवर नेपोलियनची सत्ता होती. या वाटणीत मायरचे सारे धोरण दिसते. पिता हयात असतानाच मुलगे नोकर न राहता भागीदार झाले. ज्याने काम केले त्याला मोठा वाटा मिळाला, परंतु धाकट्यांचाही पाय एका भागापुरता का होईना, उंबरठ्याच्या आत आला.

दोन वर्षांनी, १७ सप्टेंबर १८१२ रोजी, मृत्युशय्येवरून मायरने आपले मृत्युपत्र केले. आपला हिस्सा त्याने पाचही मुलांना १ लाख ९० हजार गुल्डनांना विकून टाकला आणि ती रक्कम पत्नी व मुली यांच्यासाठी ठेवली. मग त्याने ते कलम लिहिले, ज्याची छाया त्या घराण्यावर पुढे शंभर वर्षे पडली. मुली, जावई आणि त्यांचे वारस यांचा पेढीत कसलाही अधिकार असणार नाही. त्यांनी हिशेबाच्या वह्या पाहायला मागू नयेत. या इच्छेविरुद्ध वागून जो मुलांच्या शांततेत विघ्न आणील त्याला आपण क्षमा करणार नाही, असेही त्याने बजावले. दोन दिवसांनी त्याने देह ठेवला.

या कलमामागील हेतू उघड होता. पेढीचे भांडवल हेच तिचे बळ. प्रत्येक जावयाने येऊन आपला वाटा मोडून मागितला, किंवा सरकारदरबारी फिर्याद लावली, तर एका पिढीत सारे विखुरले असते. ज्या समाजाला धड जमीनही घेता येत नव्हती, त्याच्या माणसाला रोकड आणि आप्त यांवाचून दुसरा आसरा कोठला? म्हणून मायरने दोन्हींना एकाच दोरीने बांधले.

पित्यामागे पाच भावांत सारे गोडीगुलाबीने चालले, असे मात्र नव्हे. त्यांची परस्परांस लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. भाषा जर्मन आणि अक्षरे हिब्रू, अशा त्यांच्या घरगुती लिपीत ती लिहिलेली असल्याने परक्याला सहजी वाचता येत नसत. त्यांत रुसवेफुगवे आहेत, उणीदुणी आहेत, अपमानाच्या तक्रारी आहेत. १८१४ च्या जानेवारीत इंग्रज सरकारने वेलिंग्टनच्या सैन्याला सोन्याची नाणी पुरविण्याचे काम नाथानकडे सोपविले, आणि तेव्हापासून भावांत त्याचेच वर्चस्व झाले. तो कठोर, तुटक लिहीत असे. लंडनचा भाऊ हा सरसेनापती आणि आपण त्याचे हाताखालचे सरदार, असे सालोमन म्हणे. तरीही कायद्याने नाथान कोणाचा स्वामी नव्हता. तो भागीदार होता, आणि इतर चौघेही भागीदारच होते.

हा भेद महत्त्वाचा आहे. आपल्याकडील एकत्र कुटुंबात कर्ता हा वयाने आणि नात्याने ठरतो. रॉथशिल्डांकडे थोरला आम्शेल फ्रँकफुर्टच्या मूळ गादीवर होता. वडिलकीचा मान त्याचा, पण निर्णयाची सूत्रे ज्याच्या बुद्धीला धार त्याच्या हाती. ही व्यवस्था टिकली ती करारामुळे. प्रत्येक पेढीच्या नफ्यात इतरांचाही भाग असे. म्हणून एकाचा उत्कर्ष दुसऱ्याच्या डोळ्यांत खुपण्याऐवजी त्याच्या वहीत जमा होई. सर्वांचे हिशेब सर्वांपुढे येत. शिवाय हा करार एकदा करून पेटीत ठेवलेला नव्हता. १८१५, १८१८, १८२५, १८२८, १८३६ असा तो पुनःपुन्हा उघडला गेला, बदलत्या परिस्थितीनुसार त्यातील वाटे फिरविले गेले, आणि सर्वांनी त्यावर नव्याने सह्या केल्या. १८१८ साली पाच भावांचे एकत्र भांडवल सुमारे १८ लाख पौंड होते. १८२५ साली ते ४० लाखांवर गेले.

१८२२ साली ऑस्ट्रियाच्या सम्राटाने त्यांना बॅरन ही पदवी दिली. त्यांच्या कुलचिन्हात पाच बाण धरलेली मूठ आहे. मरणोन्मुख पिता मुलांना बाणांची जुडी मोडायला सांगतो, ही ग्रीक लेखक प्लूटार्कने सांगितलेली गोष्ट त्यामागे आहे. आपल्या मुलांना काठ्यांच्या मोळीची जी गोष्ट सांगतात, तीच ही. ब्रीदवाक्यातील पहिला शब्दही ऐक्य हाच आहे.

या ऐक्याची खरी कसोटी १८३६ साली लागली. नाथानचा थोरला मुलगा लायोनेल आणि कार्लची मुलगी शार्लोट यांच्या विवाहासाठी सारे भाऊ फ्रँकफुर्टला जमले होते. विवाहाच्या निमित्ताने नव्या कराराची बोलणीही चालली होती. नाथान आजारी अवस्थेतच आला होता. १५ जूनला लग्न लागले आणि २८ जुलैला तो गेला. जाण्यापूर्वी त्याने मुलांना आपसांत आणि काकांशी एकजुटीने राहण्यास सांगितले. आपल्या मृत्युपत्रात त्याने पत्नी हॅनाचा सल्ला महत्त्वाच्या प्रसंगी घेतला जावा अशी व्यवस्था केली. आजोबांच्या कलमाने स्त्रीला दाराबाहेर ठेवले असले, तरी तिची विचारशक्ती काय योग्यतेची आहे हे नाथानसारखा रोखठोक व्यवहारी पुरुष जाणून होता.

लंडनची पेढी एका दिवसासाठीही बंद पडली नाही. नाथानच्या चार मुलांनी मिळून पित्याची जागा घेतली. ते आधीच कामात मुरलेले होते. या घराण्यातील तरुणांना दुसऱ्या शहरातील काकांच्या पेढीवर उमेदवारीसाठी धाडण्याची चालच होती. भावांमधील पुढारीपण मात्र लंडनहून पॅरिसला गेले, आणि तेही सर्वांत धाकट्या जेम्सकडे. ज्याला १८१० साली पन्नासातला एक भाग मिळाला होता, तो चव्वेचाळिसाव्या वर्षी सर्वांचा मार्गदर्शक झाला.

१८४८ च्या क्रांतीने दुसरा आघात केला. व्हिएन्नाची पेढी मोठ्या नुकसानीत आली आणि सालोमनला शहर सोडावे लागले. इतर पेढ्यांनी भार वाटून घेतला म्हणून ती वाचली. या प्रसंगाने नात्यात कडवटपणा आला. इंग्लंडमधील पुतण्यांना हे ओझे अन्यायाचे वाटले. तरीही १८५२ साली करार पुन्हा लिहिला गेला. सामायिक नेतृत्व म्हणजे मतभेदांचा अभाव नव्हे. ते पुन्हा एका मेजाभोवती बसून निपटण्याची सवय म्हणजे सामायिक नेतृत्व, हे या घराण्याच्या इतिहासावरून दिसते.

आता मायरच्या त्या कलमाकडे वळले पाहिजे. मुलींना आणि जावयांना पेढीबाहेर ठेवायचे, पण मुलींबरोबर हुंड्याच्या रूपाने संपत्ती बाहेर जाऊ द्यायची नाही, यावर घराण्याने आप्तविवाहाचा तोडगा काढला. १८२४ साली जेम्सने सख्ख्या भावाच्या, म्हणजे सालोमनच्या, मुलीशी विवाह केला. १८२४ ते १८७७ या काळात मायरच्या वंशजांचे जे एकवीस विवाह झाले, त्यांतील पंधरा वंशातल्या वंशातच झाले. १८३९ साली नाथानच्या एका मुलीने स्वतःच्या मर्जीने एका ख्रिस्ती इंग्रजाशी लग्न केले, तेव्हा तिच्यावर कुटुंबाचा जो रोष झाला त्यात धर्माभिमान होता, तशीच वाट मोडल्याची धास्तीही होती. ऐक्याची किंमत पुष्कळदा मुलींनी भरली. सह्यांच्या वेळी मात्र त्यांना कोणी बोलाविले नाही.

१८५५ या एका वर्षात कार्ल, सालोमन आणि आम्शेल हे तिघे भाऊ निवर्तले. आम्शेल निपुत्रिक होता. फ्रँकफुर्टची मूळ पेढी कार्लच्या मायर कार्ल आणि विल्हेल्म कार्ल या दोन मुलांकडे आली. इटलीचे एकीकरण झाल्यावर नेपल्सला अर्थ उरला नाही आणि १८६३ साली तेथील पेढी मिटली. ते राजकारणाचे फळ होते. फ्रँकफुर्टचे दैव मात्र घरातच लिहिले गेले. मायर कार्लला सात मुली झाल्या, मुलगा नाही. तो १८८६ साली गेला. विल्हेल्म कार्ललाही मुलीच होत्या. १९०१ साली तोही गेला, आणि जेथून सारे आरंभले ती पेढी त्याच वर्षी बंद करण्यात आली.

१८७१ नंतर जर्मनीचा अर्थव्यवहार बर्लिनकडे सरकला होता, हे खरे. लंडन किंवा पॅरिसहून कोणी पुत्र तेथे जाऊन राहायला तयार झाला नाही, हेही खरे. परंतु विल्हेल्म कार्लच्या एका मुलीचा पती माक्सिमिलियान गोल्डश्मिट हा स्वतः फ्रँकफुर्टमधील सावकार होता, आणि पुढे त्याने रॉथशिल्ड हे नावही आपल्या नावाला जोडले. नाव त्याला चालले. गादी चालली नाही. आपल्याकडील निपुत्रिक सावकाराने अशा वेळी दत्तक घेतला असता. रॉथशिल्डांच्या नियमांत ती वाट नव्हती, आणि जी वाट समोर होती ती मूळ पुरुषानेच बंद करून ठेवली होती. भांडवल फुटू नये म्हणून घातलेल्या कुंपणाने अखेर घरच ओस पाडले.

लंडन आणि पॅरिसच्या पेढ्या चालू राहिल्या. १८७५ साली सुएझ कालव्याचे समभाग घेण्यासाठी इंग्लंडच्या पंतप्रधानाला ४० लाख पौंड तातडीने हवे होते, ते नाथानचा मुलगा लायोनेल यानेच दिले. मुंबईला युरोपच्या जवळ आणणारा जलमार्ग तो हाच. व्हिएन्नाची पेढी १९३८ साली नाझींनी बळकावली आणि तिच्या प्रमुखाला वर्षभराहून अधिक काळ कैदेत ठेवले. त्या संहाराला कोणताही करार पुरा पडला नसता. लंडन आणि पॅरिस येथील शाखा दीर्घकाळ स्वतंत्र चालल्यावर २००३ साली पुन्हा एका व्यवस्थेखाली आल्या.

या इतिहासाचा आपल्या घरांशी संबंध नाही असे कोणी म्हणू नये. मिताक्षरा पद्धतीच्या एकत्र कुटुंबातही मुलगी जन्माने सहदायाद नव्हती. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा झाला तरी ती स्थिती पुष्कळशी कायम राहिली. महाराष्ट्राने १९९४ साली तीत बदल केला आणि २००५ साली संसदेने साऱ्या देशासाठी मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. तथापि कायद्याने दिलेला वाटा निराळा आणि पेढीच्या मेजाभोवती मिळालेली खुर्ची निराळी.

मायर आम्शेल हा दूरदर्शी पुरुष होता. आपल्या हयातीत मुलांना वाटेकरी करणे, नेतृत्व वयापेक्षा योग्यतेवर सोपविणे, हिशेब सर्वांना खुले ठेवणे आणि करार पिढीनुसार नवा करणे, या त्याच्या घराण्याच्या चार गोष्टी आजही कोणत्याही धनाढ्य कुटुंबाने शिकाव्यात अशा आहेत. त्याच्या मुलानातवांनी नफ्याचे वाटे कितीदा तरी बदलले. फक्त एका कलमाला, ते पित्याचे अखेरचे शब्द म्हणून, त्यांनी हात लावला नाही. युडेनगासेच्या बंद दरवाजाआड ते कलम कदाचित शहाणपणाचे होते. पण दरवाजे उघडून कित्येक दशके लोटल्यावरही ते तसेच राहिले, आणि ज्या गल्लीत ते लिहिले गेले त्याच शहरात त्याने घराण्याचा दिवा मालविला.