हिंजवडीतील माहिती तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांची सामूहिक सौदाशक्ती

कर्मचाऱ्यांनी संघटित होऊन वेतन, सेवाशर्ती व नोकरीची सुरक्षितता यांविषयी मालकाशी वाटाघाट करण्याच्या क्षमतेस सामूहिक सौदाशक्ती म्हणतात. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील हिंजवडी येथील राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानात इन्फोसिस, विप्रो, टीसीएस आदी कंपन्यांची कार्यालये आहेत. या क्षेत्रातील कर्मचारी संघटना मुख्यतः शासनाकडे तक्रारी करून कंपन्यांच्या धोरणांना विरोध करतात.

कायदेशीर चौकट

औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मधील 'कामगार' या संज्ञेत तांत्रिक काम करणाऱ्यांचा समावेश होता. व्यवस्थापकीय काम करणारे मात्र वगळलेले होते. त्यामुळे पदनामापेक्षा कामाचे प्रत्यक्ष स्वरूप निर्णायक ठरते. कामगारकपात करताना नोटीस व भरपाई देणे या अधिनियमाने बंधनकारक केले. स्वेच्छेने दिलेला राजीनामा कपात ठरत नाही. म्हणून राजीनामा दबावाखाली घेतला गेला का, हा अशा वादांतील कळीचा मुद्दा असतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने घेतली. तांत्रिक काम करणारे संहितेच्या व्याख्येतही समाविष्ट आहेत.

संघटना व तक्रारी

पुणेस्थित 'नॅसेंट इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी एम्प्लॉइज सिनेट' (नाइट्स) ही या क्षेत्रातील एक प्रमुख संघटना आहे. नोकरी सोडल्यानंतर सहा महिने ठरावीक प्रतिस्पर्धी कंपन्यांमध्ये त्याच ग्राहकासाठी काम करण्यास मनाई करणाऱ्या इन्फोसिसच्या अटीविरुद्ध तिने २०२२ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसायास प्रतिबंध करणारा करार सामान्यतः निरर्थक ठरतो. वार्षिक साडेसहा लाख रुपयांचा प्रस्ताव दिलेल्या नवपदवीधरांना विप्रोने २०२३ मध्ये साडेतीन लाखांवर रुजू होण्याविषयी विचारले, तेव्हाही संघटनेने आक्षेप घेतला. टीसीएसने २०२५ मध्ये सुमारे १२,००० पदांची कपात जाहीर केल्यावर तिने पुन्हा शासनाकडे दाद मागितली.

मर्यादा

संघटनेची नोंदणी आणि वाटाघाटीसाठी मान्यता या दोन भिन्न बाबी आहेत. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता अधिनियमाने मान्यतेसाठी उपक्रमातील किमान ३० टक्के कर्मचाऱ्यांच्या सदस्यत्वाची अट घातली. नव्या संहितेनुसार, एकाहून अधिक संघटना असल्यास एकमेव वाटाघाटी संघटना ठरण्यासाठी ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. शेजारच्या पिंपरी-चिंचवडमधील वाहन कारखान्यांत मान्यताप्राप्त संघटना ठरावीक मुदतीचे वेतनकरार करतात. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात मात्र वारंवार होणारे नोकरीबदल, वैयक्तिक वेतननिश्चिती आणि अनेक शहरांत विखुरलेले कर्मचारी यांमुळे एकाच कंपनीत असे सदस्यबळ उभे राहणे अवघड जाते. तक्रारीमुळे विशिष्ट धोरणाची चौकशी होऊ शकते. परंतु धोरण ठरण्यापूर्वीच आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार कर्मचाऱ्यांना त्यातून मिळत नाही.