घरच्या वर्कशॉपसाठी टूल ट्रॉली घेताय? शोरूम नव्हे, पावसाळा डोळ्यांसमोर ठेवून घ्या

खंडेनवमीला हत्यारं पूजेसाठी बाहेर काढली की खरं काय ते कळतं. चार महिन्यांचा पाऊस होऊन गेलेला असतो. पेटी उघडावी तर पान्यांवर तांबूस थर, पक्कड जाम, कानशीचे दात गंजाने भरलेले आणि पटाशीला नवी धार लावल्याशिवाय गत्यंतर नाही. हत्यार चांगल्या कंपनीचं होतं, पेटीही नवीच होती. चूक झाली ती पेटी निवडताना.

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत, तसंच पलीकडे दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीपर्यंत घराच्या पडवीत नाहीतर मांगरात छोटं वर्कशॉप असलेले लोक पुष्कळ. कोण मोटरसायकली दुरुस्त करतो, कोण सुतारकाम, कोण पंप आणि वायरिंग. डिचोली भागात २०१२ साली आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा ट्रकांवर पोट असलेल्या कित्येकांना दुसरं काम शोधावं लागलं. पेडण्यात जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि गाड्यांची ये-जा वाढली. घरच्या घरी दुरुस्तीचं काम करणाऱ्याचं भांडवल म्हणजे त्याची हत्यारं. ती ठेवायला चाकांची, खणांची लोखंडी ट्रॉली घ्यायची तर एकदाच खर्च करायचा असतो. म्हणून आधी काय बघायचं ते नीट समजून घ्या.

आधी हत्यारं मोजा, मग ट्रॉली

बहुतेक जण उलट करतात. ट्रॉली आवडते, आणली जाते आणि मग ग्राइंडर खणात मावत नाही. आधी सगळी हत्यारं जमिनीवर पसरा आणि तीन ढीग करा. पाने, स्क्रू-ड्रायव्हर, टेस्टर, गुण्या असं चपटं सामान एकीकडे. त्याला दोन इंच खोलीचा खण पुरतो. सॉकेट सेट, पकडी, हातोड्या दुसरीकडे. त्यांना तीन ते चार इंच लागतात. ड्रिल, ग्राइंडर, जिगसॉ ही मशिनं तिसरीकडे. त्यांना सहा ते आठ इंच खोल खण हवा. कुठला ढीग किती मोठा, त्यावरून कुठल्या खोलीचे खण किती हवेत ते ठरतं. सात खणांची ट्रॉली पाच खणांच्या ट्रॉलीपेक्षा चांगलीच असते असं नाही.

हत्यारांचं वजनही करा. घरात वजनकाटा असेल तर आधी रिकामं पिंप ठेवा, मग भरून ठेवा. मेकॅनिकच्या हत्यारांचं वजन आपल्या अंदाजापेक्षा बहुधा जास्तच भरतं. पुढे चाकं आणि खण निवडताना हा आकडा लागणार आहे.

पत्रा: रंगावर जाऊ नका, वजन विचारा

दुकानात लाल-काळी चकचकीत ट्रॉली सगळ्या सारख्याच दिसतात. फरक पत्र्याच्या जाडीत असतो. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, २० गेज म्हणजे ०.९ आणि २२ गेज म्हणजे ०.७ मिलिमीटर. घरच्या कामाला बॉडी २० गेजची असली तर पुष्कळ. २२ गेजचे खण हलक्या हत्यारांना चालतात, पण जड सामानाने त्यांचा तळ मधे खाली बसतो आणि मग खण अडकायला लागतो.

दुकानदाराला गेज सांगता आला नाही तर रिकाम्या ट्रॉलीचं वजन विचारा. खोक्यावर ते बहुधा छापलेलं असतं. एक मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा जवळजवळ ७.८५ किलो भरतो. त्यामुळे एकाच मापाच्या दोन ट्रॉल्यांत एक ३० किलोची आणि दुसरी ५० किलोची असेल, तर जादाच्या २० किलोंत जाड पत्रा आणि दमदार चॅनेल आहेत असं समजायला हरकत नाही. किमतीची तुलना करतानाही हे वजन समोर ठेवा.

खण आणि चॅनेल

खण ज्यावर सरकतो त्या पट्टीला आपण चॅनेल म्हणतो. छर्‍यांचं म्हणजे बॉल बेअरिंगचं चॅनेल घ्या. नुसत्या पत्र्याच्या घडीवर घासत सरकणारा खण पहिल्या पावसाळ्यातच कुरकुरायला लागतो. ४५ मिलिमीटर रुंदीच्या चांगल्या चॅनेलची जोडी साधारण ३५ ते ४५ किलो वजन पेलते. खण पूर्ण बाहेर येतो का ते बघा. अर्धाच आला तर मागच्या कोपऱ्यातलं सॉकेट शोधताना रोज बोटं खरचटणार.

चॅनेलला दोन्ही बाजूंना बारीक खटका असतो. तो दाबल्यावर खण पूर्ण सुटा होऊन हातात आला पाहिजे. हे आपल्या भागात का महत्त्वाचं आहे ते पुढे सांगतो.

एकाच वेळी दोन-तीन भरलेले खण उघडले तर ट्रॉली पुढे कलंडू शकते, हेही लक्षात ठेवा. काही ट्रॉल्यांत एक खण उघडला की बाकीचे आपोआप बंद राहतात. घरात लहान मुलं असतील तर ही सोय असलेलीच घ्या. नसेल तर निदान जड सामान खालच्या खणात आणि वापर झाल्यावर कुलूप, एवढी शिस्त पाळा.

चाकं: आपल्या जमिनीवर चालणारी

शोरूमची फरशी गुळगुळीत असते. आपल्याकडे कुठे कोबा, कुठे चिऱ्यावर ओतलेलं सिमेंट, कुठे अंगणातली माती, आणि मधे उंबरा. तीन इंचाचं चाक अशा ठिकाणी अडतं. निदान चार, जमलं तर पाच इंचाची चाकं घ्या. कडक नायलॉनचं चाक वजन पेलतं, पण खडबडीत जमिनीवर आवाज करतं आणि दणके देतं. पीयूचं किंवा चांगल्या रबराचं चाक उंबऱ्याला बरं.

चाकाची ताकद ठरवायला एक सोपा हिशोब आहे. ट्रॉली ५० किलोची आणि हत्यारं १०० किलोची, एकूण १५०. याला चाराने नाही, तीनाने भागा. कारण उंचसखल जमिनीवर एक चाक बऱ्याचदा अधांतरीच असतं. म्हणजे प्रत्येक चाक निदान ५० किलो पेलणारं हवं. दोन चाकं फिरती आणि दोन सरळ असावीत, फिरत्या दोघांना ब्रेक असावा. पडवीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार असतोच, तेव्हा ब्रेकशिवायची ट्रॉली तिथे उभी करू नका. आणि ट्रॉली नेताना ढकला, स्वतःकडे ओढू नका.

चाक चार बोल्टांनी बसवलेलं आहे की वेल्डिंग केलेलं, हेही वाकून बघा. बोल्टचं चाक मोडलं तर म्हापशाच्या नाहीतर सावंतवाडीच्या कुठल्याही हार्डवेअरमध्ये त्या मापाचं मिळेल. चॅनेलचंही तसंच: १६, १८ इंच अशा बाजारातल्या मापाची असतील तर बदलता येतात. कंपनीच्या खास मापाची असतील तर एक चॅनेल गेलं की तो खण कायमचा गेला.

हरमलची हवा वेगळी, डिचोलीची वेगळी

गोव्यात पावसाळ्यात साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्या दिवसांत हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर राहतो. लोखंड गंजायला ६० टक्केसुद्धा पुरतात. पण एकाच जिल्ह्यात दोन तऱ्हा आहेत.

केरी, हरमल, मांद्रे, मोरजी या पट्ट्यात वाऱ्याबरोबर मीठ येतं. पावडर कोटिंगला एक ओरखडा गेला की तिथून गंज रंगाच्या खाली पसरत जातो. किनाऱ्यावरच्या माणसाने कोपरे, कडा आणि रिव्हेटच्या भोवतीचा रंग नखाने दाबून बघावा. स्टेनलेस घ्यायचं असेल तर ३०४ ग्रेडचं, आणि बिलावर ग्रेड लिहून घ्यावा. लोहचुंबक लावून बघणं पुरेसं नाही. स्वस्तातल्या २०२ ग्रेडलाही लोहचुंबक सहसा चिकटत नाही, पण खाऱ्या हवेत ते लवकर डागाळतं.

डिचोली, मये, पिळगाव या बाजूला मीठ कमी, पण तांबडी धूळ. ती चॅनेलच्या छर्‍यांत आणि चाकांत शिरते, ग्रीसला चिकटते आणि कानशीसारखी घासते. इथे खणाच्या आणि बॉडीच्या मधली फट जितकी कमी तितकं चांगलं. चॅनेलला जाड ग्रीस थापू नका, महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसून हलकं मशीन तेल द्या.

पुराचं पाणी

ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारीचं पाणी वाढलं तेव्हा डिचोलीतल्या साळ आणि पेडण्यातल्या इब्रामपूर भागात घरांत पाणी शिरलं होतं. साखळीकरांना वाळवंटीचा पूर नवा नाही. नदीकाठच्या घरात १५० किलोची भरलेली ट्रॉली चाकांवर असली तरी पायऱ्या चढत नाही. अशा वेळी खटका दाबून सुटे होणारे खण उपयोगी पडतात. एकेक खण उचलून माळ्यावर नाहीतर शेजाऱ्याच्या वरच्या मजल्यावर नेता येतो. खाली कपाट आणि वर वेगळी उचलता येणारी पेटी, अशी दोन भागांची ट्रॉली असेल तर आणखी बरं.

मात्र यात एक पेच आहे. ट्रॉली कलंडू नये म्हणून जड सामान खाली ठेवायचं आणि पाणी आलं की पहिलं भिजतं तेही खालचंच. त्यावर उपाय असा की खाली हातोडे, मोठे पाने, शिकंजा असं पुसून पुन्हा वापरता येणारं लोखंड ठेवा. विजेची मशिनं, बॅटऱ्या, मीटर मधल्या खणाच्या वर. तळाला पत्रा थेट जमिनीला टेकत नाही ना, तेही बघा.

मेस्ताकडून करून घेतली तर?

वाईट कल्पना नाही. चाकांवरची लाकडी पेटी आपल्याकडचे मेस्त उत्तम करतात आणि लाकडी खणात हत्यारं आदळून धार जात नाही. पण पावसात लाकूड फुगतं, म्हणून खणाला बाजूने थोडी फट ठेवायला सांगा. प्लायवूड वापरायचं तर आयएस ७१० चं, पाणी सोसणारं. एमडीएफ किंवा भुशाच्या बोर्डाची पेटी आपल्या हवेत नकोच. फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेत असाल तर वेल्डिंग पूर्ण होऊ द्या, मगच प्रायमर आणि रंग. रंगवलेल्या पत्र्यावर नंतर वेल्डिंग केलं तर त्याच जागेवरून गंज सुरू होतो.

दुकानात पाच मिनिटं

- वरचा खण पूर्ण उघडा आणि त्याच्या पुढच्या काठावर हाताने दाब द्या. वाकला तर नको.
- ट्रॉली कोपऱ्यांवर धरून तिरकी हलवा. बॉडी पिळली जाते आहे असं वाटलं तर पत्रा पातळ आहे.
- खण जोरात बंद करा. उसळून परत उघडत असेल तर उताराच्या जमिनीवर त्रास होईल.
- कुलपाची किल्ली दोनदा फिरवा आणि किल्लीचा नंबर घरी लिहून ठेवा.
- मांगराच्या दाराची रुंदी मोजून नेली आहे ना? जुन्या घरांची दारं अरुंद असतात.

एक गोष्ट सीमेच्या दोन्ही बाजूंच्या लोकांसाठी. पत्रादेवीपलीकडच्या दुकानात चार पैसे कमी पडले म्हणून घेतली आणि महिन्याभरात चॅनेल बिघडलं, तर ती परत कोण नेणार आणि टेम्पोचं भाडं कोण देणार, हे बिल करण्याआधीच विचारा. पक्कं बिल घ्या आणि वॉरंटी त्यावर लिहून घ्या.

आणल्यावर

प्रत्येक खणात रबराची किंवा फोमची चटई घाला. वर्तमानपत्र घालू नका, ते ओल धरून ठेवतं. प्रत्येक खणात सिलिका जेलची एक पुडी ठेवा. रंग बदलला की गरम करून वाळवा आणि पुन्हा वापरा. घामाने किंवा पावसाने ओलं झालेलं हत्यार तसंच खणात टाकू नका. आधी पुसा, मग मशीन तेलाचा हात फिरवा. खोबरेलही चालतं, पण त्यावर धूळ बसते आणि वास खवट होतो. स्प्रेने पाणी निघून जातं, पण त्याचा थर पातळ असतो, चार महिने टिकत नाही.

मृगाचा पाऊस सुरू होण्याआधी एकदा सगळे खण काढून पुसा, ओरखडे असतील तिथे रंग लावा आणि ट्रॉली भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवा. चिऱ्याची भिंत पावसात पाणी पिते आणि मागचा पत्रा पहिला गंजतो. एवढं केलंत तर यंदा खंडेनवमीला हत्यारं पूजेच्या आदल्या दिवशी घासत बसावी लागणार नाहीत.