उताराचें गणित

डोंगरउतारावर नांगर धरावा कीं नाहीं, हें पूर्वीं शेतकऱ्याचा पाय सांगत असे. 1960 नंतरच्या दशकांत कॅनडानें ह्या कामीं गणकयंत्राचें साह्य घेतलें. रॉजर टॉमलिन्सन ह्या भूगोलज्ञाच्या पुढाकारानें तेथील जमिनीच्या प्रतवारीचे नकाशे यंत्रांत उतरले.

पुढें फेब्रुवारी 2000 मध्यें ‘एंडेव्हर’ यानानें 11 दिवसांत रडारच्या योगें पृथ्वीवरील बहुतेक भूभागाची उंची मोजली. 30 मीटर अंतरांत 3 मीटर चढ, म्हणजे शेंकडा 10 उतार. हिशेब इतका सोपा! परंतु अमेरिकेबाहेरील प्रदेशांचे जे चौकोन प्रथम खुले झाले ते 90 मीटरांचे, म्हणजे एकेक सुमारें दोन एकरांचा. आमच्या कोंकणांत उतारावर बांध घालून केलेलीं भाताचीं खाचरें कित्येकदां दोन-चार गुंठ्यांचींच असतात. दोन एकरांच्या सरासरींत बांध पुसला जातो, आणि पिढ्यानुपिढ्या पिकलेली सपाटी नकाशावर निव्वळ उतार म्हणून उमटते. अशा नकाशावरून जमीन नापीक ठरविणें मला तरी अन्यायाचें वाटतें. 2014 पासून 30 मीटरांचे चौकोन खुले होऊं लागले. तेही नऊ गुंठ्यांचे. बांध स्पष्ट दिसावयास विमानांतून लेसर किरणांनीं केलेली मोजणी लागते. ती खर्चाची, तोंवर बांध पाहावयास माणूसच पाठवावा लागेल.