भरती अभिकर्ता (परदेशगमन)

भरती अभिकर्ता (बोलीभाषेत एजंट किंवा दलाल) म्हणजे परदेशातील मालकासाठी भारतात कामगार निवडून त्यांना तेथे पाठविणारी व्यक्ती अथवा संस्था होय. भारतात हा व्यवसाय उत्प्रवास अधिनियम, १९८३ खाली नोंदणी झालेल्यांनाच करता येतो. परदेशी शिक्षण, पर्यटन किंवा कायम वास्तव्यासाठी कागदपत्रे तयार करून देणाऱ्या सल्लागारांनाही सर्रास एजंट म्हटले जाते. मात्र हे काम या अधिनियमाच्या कक्षेत येत नाही. एकाच शब्दाखाली असे दोन निराळे व्यवसाय झाकले गेल्याने बराच गोंधळ होतो. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्याने एजंटाची मदत घ्यावी की नाही, हे जाण्याचा हेतू, गंतव्य देश, पारपत्राचा प्रकार आणि समोरची व्यक्ती नेमकी कोणत्या अधिकाराने बोलत आहे, यांवर ठरते.

इतिहास

महाराष्ट्रातून परदेशी मजूर पाठविण्यातील मध्यस्थांची परंपरा एकोणिसाव्या शतकातील करारबद्ध मजुरीपासून दिसते. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी १८३४ पासून संपुष्टात येऊ लागल्यावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी भारतीय मजूर नेण्यास सुरुवात झाली. गैरप्रकारांच्या तक्रारींमुळे ही वाहतूक काही काळ थांबविण्यात आली होती. १८४२ च्या कायद्याने ती कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून पुन्हा खुली झाली. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी, सातारा आदी भागांतील मराठी भाषक मोठ्या संख्येने होते. मॉरिशसमधील आजचा मराठी समाज हा त्यांचाच वंशविस्तार आहे.

या भरतीचा एक विशेष असा की, मळ्यावर काही वर्षे काढून परतलेले मजूर आणि मुकादमच पुढे आपापल्या गावातून नवे मजूर गोळा करीत. ओळखीच्या माणसावरील विश्वास हेच भरतीचे मुख्य भांडवल होते. उत्तर भारतात अशा दलालाला ‘अरकाटी’ म्हणत. १८८३ च्या कायद्याने भरती करणाऱ्यास परवाना आणि मजुराची दंडाधिकाऱ्यापुढे नोंदणी बंधनकारक केली. मजुराला कराराच्या अटी समजल्या आहेत का, हे तेथे विचारले जाई. मात्र तो तेथे पोहोचेपर्यंत दलालाने सांगितलेली हकीगत त्याच्या मनात पक्की झालेली असे.

या पद्धतीविरुद्धच्या घटनात्मक लढ्यात गोपाळ कृष्ण गोखले अग्रभागी होते. फेब्रुवारी १९१० मध्ये त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात नाताळकडे होणारी करारबद्ध मजुरांची भरती थांबविण्याचा ठराव मांडला व तो स्वीकारला गेला. मार्च १९१२ मध्ये ही पद्धत सर्वच वसाहतींसाठी बंद करावी असा त्यांचा ठराव मात्र फेटाळला गेला. दर डोई मोबदला मिळणारे व्यावसायिक भरती-दलाल अजाण खेडुतांची कशी दिशाभूल करतात, हा त्यांच्या मांडणीतील एक प्रमुख मुद्दा होता. १९१७ मध्ये करारबद्ध मजुरांची निर्यात थांबली. पुढे १९२२ च्या उत्प्रवास कायद्याने अकुशल मजुरांच्या परदेशगमनावर सरकारी नियंत्रण आणले.

१९७० च्या दशकात खनिज तेलाच्या किमती वाढल्यावर आखाती देशांत बांधकाम व सेवा क्षेत्रांत कामगारांची मागणी उसळली. खाजगी एजंटांचा व्यवसाय यातूनच फोफावला आणि मुंबई त्याचे मोठे केंद्र बनली. वसाहतकालीन कायदा या नव्या परिस्थितीला पुरा पडत नव्हता. त्यामुळे नवा अधिनियम संमत होऊन ३० डिसेंबर १९८३ पासून लागू झाला. तो बदलण्यासाठी २०१९ आणि २०२१ मध्ये नव्या विधेयकांचे मसुदे प्रसिद्ध झाले होते.

कायदेशीर चौकट

अधिनियमाच्या कलम १० नुसार नोंदणी प्रमाणपत्राशिवाय कोणालाही भरती अभिकर्ता म्हणून काम करता येत नाही. नोंदणी परराष्ट्र मंत्रालयातील उत्प्रवासी महासंरक्षक करतात. त्यासाठी बँक हमी द्यावी लागते. मोठ्या अभिकर्त्यांसाठी ही हमी ५० लाख रुपये, तर १०० पर्यंत कामगार पाठविणाऱ्यांसाठी ८ लाख रुपये आहे. नोंदणी क्रमांक कार्यालयात आणि जाहिरातींत ठळकपणे देणे आवश्यक असते. महासंरक्षकांच्या अखत्यारीत निरनिराळ्या शहरांत उत्प्रवासी संरक्षक कार्यालये आहेत. मुंबईचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात आहे.

दहावी उत्तीर्ण नसलेल्या व अन्य कोणत्याही सवलतीत न बसणाऱ्या व्यक्तीच्या पारपत्रावर ‘ईसीआर’, म्हणजे उत्प्रवास तपासणी आवश्यक, अशी नोंद असते. अशा व्यक्तीला १८ ठराविक देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहरीन, मलेशिया, थायलंड, इराक आणि लिबिया हे त्यांपैकी काही देश आहेत. मंजुरीची प्रक्रिया ‘ई-मायग्रेट’ या संगणकीय प्रणालीतून चालते. परदेशी मालक, अभिकर्ता, रोजगार करार आणि विमा यांच्या नोंदी तीत एकत्र येतात. प्रवासी भारतीय विमा योजना अशा कामगारांना बंधनकारक असून तिच्यात अपघाती मृत्यू वा कायम अपंगत्वासाठी १० लाख रुपयांचे संरक्षण आहे.

येथे एक गैरसमज रूढ आहे. दहावी उत्तीर्ण व्यक्तीला मंजुरीची अट नसल्याने तिच्याबाबतीत एजंटाला नोंदणीही लागत नाही, असे समजले जाते. प्रत्यक्षात नोंदणीची अट शिक्षणावर अवलंबून नाही. सवलत फक्त प्रवाशाच्या तपासणीत आहे. तिचा परिणाम असा होतो की, शिकलेल्या तरुणाचा करार निघण्यापूर्वी कोणतेही सरकारी कार्यालय पाहत नाही.

गावपातळी आणि उपदलाल

नोंदणीकृत अभिकर्त्यांची कार्यालये प्रामुख्याने महानगरांत आहेत. धाराशिव तालुक्यातील तेरणाकाठच्या तेर या गावापासून मुंबई रस्त्याने सुमारे ४०० किलोमीटर दूर आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणबरोबर त्याचा उल्लेख येतो आणि तेथील कापड भडोच बंदरामार्गे समुद्रापार जात असे. रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयातील वस्तू या व्यापाराची साक्ष देतात. आज अशा गावातील इच्छुकाची गाठ मूळ अभिकर्त्याशी सहसा पडत नाही. ती पडते तालुक्याच्या ठिकाणच्या, अथवा नात्यागोत्यातल्या, ‘माणसे पाठविणाऱ्या’ एखाद्याशी. कायद्यात अशा उपदलालाला स्थान नाही. अभिकर्त्याने स्वतःच्या नोंदणीवर दुसऱ्याकडून भरती करून घेणे मान्य नाही आणि शाखा उघडण्यासही परवानगी लागते. म्हणजे ज्या दुव्यावर खेडुताचा सर्वाधिक विश्वास असतो, नेमका तोच दुवा कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वात नसतो. पुढे तक्रार करताना पैसे कोणाला दिले, हे सिद्ध करणे म्हणूनच जड जाते.

मराठवाड्याला मध्यस्थामार्फत होणारे स्थलांतर नवे नाही. बीड, धाराशिव आदी जिल्ह्यांतून ऊसतोडणीसाठी जाणारी कुटुंबे मुकादमाशी बांधलेली असतात. मुकादम हंगामापूर्वी ‘उचल’ देतो आणि ती कामातून फेडून घेतो. परदेशी नोकरीच्या व्यवहारात पैशाची दिशा नेमकी उलटी असते. कामगारच आधी एजंटाला रक्कम देतो आणि ती पुढे पगारातून भरून काढतो. उचलीच्या व्यवहारात मुकादमाचा पैसा अडकलेला असतो. त्यामुळे मजूर कामावर पोहोचणे आणि टिकणे ही त्याचीही गरज असते. उपदलालाला रक्कम हाती पडल्यावर तशी कोणतीही गरज उरत नाही. मुकादमाच्या पद्धतीचे दोष सुपरिचित आहेत, पण तिच्यातून आलेली ‘मध्यस्थ शेवटपर्यंत बरोबर असतो’ ही समजूत परदेशाच्या बाबतीत गैरलागू ठरते.

शुल्क आणि खर्च

नोंदणीकृत अभिकर्त्याला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये सेवाशुल्क आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घेता येतात. याची पावती देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. प्रत्यक्षात ‘व्हिसाचे पैसे’ या नावाखाली याच्या कितीतरी पट रकमा रोखीने मागितल्या जातात. व्हिसाचा खर्च, आणि बहुधा विमान तिकिटाचाही, परदेशी मालकाने सोसलेला असतो; तोच कामगाराकडून पुन्हा वसूल होतो. हे कर्ज खाजगी सावकाराकडून किंवा जमीन गहाण टाकून काढलेले असेल, तर पहिल्या काही महिन्यांचा पगार व्याजातच जातो. कर्जामुळे कामगाराची वाटाघाटीची ताकदही संपते. विमानतळावर उतरल्यावर कमी पगाराचा दुसरा करार पुढे केला, तरी परत फिरणे त्याला परवडत नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारानुसार खाजगी रोजगार संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये, असे सर्वसाधारण तत्त्व आहे. भारताने हा करार मंजूर केलेला नाही. समुद्री नाविकांबाबत मात्र हे तत्त्व भारतातही लागू आहे. त्यांची भरती नौकानयन महासंचालनालयाकडून परवाना मिळालेल्या संस्थांमार्फत होते आणि अशा संस्थेला नोकरी लावून देण्यासाठी नाविकाकडून पैसे घेण्यास मनाई आहे. जहाजावरील नोकरीसाठी पैसे मागितले गेले, एवढ्यावरूनच व्यवहार बेकायदेशीर ठरतो.

एजंटाविना जाण्याचे मार्ग

आखाती देशातील नोकरीसाठी खाजगी अभिकर्ता अपरिहार्य नाही. परदेशी मालक ई-मायग्रेटवर नोंदणी करून स्वतः भरती करू शकतो. तेथे काम करणाऱ्या नातेवाइकाच्या ओळखीने नोकरी मिळाली असेल, तर रोजगार करार, व्हिसा आणि विम्यासह संरक्षकाकडे मंजुरी मागता येते. मात्र मालकाची शहानिशा, करारातील पगार व कामाचे तास तपासणे आणि वाद उद्भवल्यास पाठपुरावा करणे, ही सारी जबाबदारी मग स्वतःवर येते. नोंदणीकृत अभिकर्त्याचा खरा उपयोग येथेच आहे. त्याची बँक हमी सरकारकडे असते आणि त्याच्याविरुद्धच्या तक्रारीवरून नोंदणी निलंबित वा रद्द होऊ शकते. ज्याला परदेशात कोणीही ओळखीचे नाही आणि भाषाही येत नाही, त्याच्यासाठी असा अभिकर्ता थेट मालकापेक्षा सुरक्षित ठरू शकतो.

सरकारी मार्गही आहेत. केरळात १९७७ पासून ‘ओडेपेक’ हे राज्य सरकारचे महामंडळ परदेशी भरती करते. तमिळनाडू आणि तेलंगणातही अशा संस्था आहेत. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याबाबत करार केला. त्यात उमेदवारांना जर्मन भाषेचे प्रशिक्षण देण्याची तरतूद होती. त्याच वर्षी इस्रायलमधील बांधकाम मजुरांसाठी राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळामार्फत पुण्यात निवड चाचण्या झाल्या.

ईसीआर पारपत्र असलेल्या महिलांच्या बाबतीत निवडीला वावच नाही. २०१६ पासून वरील १८ देशांत त्यांची भरती ठराविक सरकारी संस्थांमार्फतच होऊ शकते आणि घरकामासाठी किमान वय ३० वर्षे आहे. अशा महिलेला खाजगी एजंट पर्यटन व्हिसावर पाठवीत असेल, तर तो नोंदणीकृत असला तरी व्यवहार बेकायदेशीर असतो.

शिक्षण आणि कायम वास्तव्य

विद्यापीठ प्रवेशासाठी मदत करणारे सल्लागार अनेकदा विद्यार्थ्याकडून अल्प शुल्क घेतात किंवा काहीच घेत नाहीत. त्यांचे उत्पन्न विद्यापीठाच्या दलालीतून येते. त्यामुळे दलाली देणाऱ्या संस्थांचीच शिफारस होण्याचा संभव असतो. पंजाबने अशा व्यावसायिकांसाठी २०१२ मध्ये स्वतंत्र राज्य कायदा केला.

गंतव्य देशांचे नियम भिन्न आहेत. कॅनडात मोबदला घेऊन अर्जदाराचे प्रतिनिधित्व वकील किंवा तेथील नियामक संस्थेचे परवानाधारक सल्लागारच करू शकतात. न्यूझीलंडचा २००७ चा कायदा देशाबाहेरील सल्लागारांनाही परवाना सक्तीचा करतो, मात्र विद्यार्थी व्हिसापुरती परदेशातील शिक्षण-एजंटांना सूट आहे. बहुतेक देशांत अर्ज स्वतः भरता येतो आणि एजंटामुळे निकाल बदलत नाही. उलट, खोट्या कागदपत्रांचे परिणाम अर्जदारालाच भोगावे लागतात. कॅनडात चुकीची माहिती दिल्यास पाच वर्षांची प्रवेशबंदी येऊ शकते. ती माहिती एजंटाने परस्पर भरली होती, ही सबब सहसा चालत नाही. बनावट प्रवेशपत्रांची प्रकरणे उघड झाल्यावर डिसेंबर २०२३ पासून कॅनडा प्रवेशपत्राची पडताळणी थेट शिक्षणसंस्थेकडून करून घेतो.

फसवणूक आणि तक्रार

सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने थायलंडमधील बनावट माहिती-तंत्रज्ञान नोकऱ्यांबाबत इशारा दिला. समाजमाध्यमांतील जाहिराती आणि एजंट यांच्यामार्फत बोलावलेल्या तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमधील म्यावाडी भागात नेऊन सायबर फसवणुकीची कामे करावयास लावली जात होती. २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबर पोलिसांनी म्यानमारमधून साठहून अधिक भारतीयांची सुटका घडवून आणली व भरती करणाऱ्या एजंटांना अटक केली. अशा प्रकरणांतील तरुण सहसा संगणक जाणणारे, म्हणजे ज्यांच्या पारपत्राला तपासणीची अट नाही असे असतात.

विनानोंदणी भरतीसाठी अधिनियमात दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दंडाची ही रक्कम १९८३ सालची असून आजच्या व्यवहारांपुढे ती नाममात्र ठरते. त्यामुळे पोलीस बहुधा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचाही गुन्हा नोंदवितात. या अधिनियमाखालील खटल्यास केंद्र सरकारची पूर्वसंमती लागते. परंतु बाधित कामगाराने स्वतः तक्रार दाखल केली असेल, तर ती लागत नाही. ती स्थानिक पोलीस ठाण्यात, उत्प्रवासी संरक्षकाकडे किंवा परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर करता येते. एजंटाचा नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची सद्यःस्थिती ई-मायग्रेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येते. नोंदणी नसताना भरती करणाऱ्यांची यादीही तेथे प्रसिद्ध केली जाते.