कारखाना जागेवरच, सरहद्द हलली

परवा रात्री गीझर लावला आणि घरभर अंधार. एमसीबी पडला होता. खटका वर केला, संपलं. लहानपणी हेच झालं की बाबा मेणबत्तीच्या उजेडात फ्यूजला तार गुंडाळत बसायचे.

त्या खटक्यांच्या पेटीवरून हेगर कंपनी आठवली. (मूळ जर्मन उच्चार 'हा'ने सुरू होतो. मराठीत लिहायची हिंमत होत नाही, तेव्हा हेगरच म्हणू.) एमसीबीचा शोध काही त्यांचा नाही, तो १९२४ चा, मानहाइमच्या स्टोट्झ कंपनीचा. पण यांची गोष्ट जास्त मजेदार आहे.

१९५५ साली पेटर हेगर आणि त्यांची मुलं हेर्मान आणि ओस्वाल्ड यांनी सारलँडमधल्या एन्सहाइम गावात कारखाना काढला. आता सारलँड म्हणजे नक्की कुठला देश? तीच तर गंमत. कोळसा-पोलादाचा हा जर्मन बोलणारा तुकडा महायुद्धानंतर फ्रान्सने आपल्या आर्थिक पंखाखाली घेतला होता. चलन फ्रँक. फुटबॉलची टीमही वेगळी! १९५४ च्या वर्ल्डकपच्या पात्रता फेरीत सारलँड चक्क पश्चिम जर्मनीविरुद्ध खेळला. (दोन्ही मॅच हरला. जर्मनीने पुढे कपच जिंकला म्हणा.)

म्हणजे हेगर मंडळींना फ्रान्सची बाजारपेठ जकातीशिवाय खुली होती. आणि कारखाना निघाला त्याच वर्षी, २३ ऑक्टोबरला, सार्वमत झालं. सारलँडला युरोपच्या देखरेखीखाली वेगळा दर्जा द्यायचा का? ६७.७ टक्के लोक 'नाही' म्हणाले. १ जानेवारी १९५७ ला सारलँड पश्चिम जर्मनीत गेला, ६ जुलै १९५९ ला मार्क आला आणि जकातीची रेघ सरकून कारखाना आणि फ्रेंच गिऱ्हाईक यांच्या मधे आली.

आमच्याकडे एक क्लायंट गेला तरी बेंचवर बसायची वेळ येते. इथे तर कारखाना जागेवर आणि अख्खा बाजार परदेशात! वायरिंगच्या पद्धतीही दोन देशांत वेगळ्या, म्हणजे कालचा माल उद्या शेजारी खपेलच असंही नाही.

बापलेकांनी मग दोन्ही बाजूंना पाय ठेवला. १९५९ मध्येच अल्सासमध्ये, स्ट्रासबुर्गजवळ ओबेर्ने इथे दुसरा कारखाना काढला. मला वाटतं जागा फार हुशारीने निवडली. अल्सास १८७१ ते १९४५ मध्ये चार वेळा या देशातून त्या देशात गेलेला. तिथल्या कामगारांशी बोलायला दुभाषी कशाला लागतोय?

कंपनी आजही कुटुंबाच्याच हातात आहे. मुख्यालय सारलँडमध्येच, ब्लीसकास्टेलला. आणि कागदोपत्री ती ना जर्मन पद्धतीची ना फ्रेंच, तर 'एसई', म्हणजे युरोपियन कंपनी. १९५५ ला सारलँडच्या लोकांनी जो युरोपियन शिक्का नाकारला, तो या कारखान्याने पुढे आपणहून लावून घेतला.